‘लिहीत राहा’चा शिक्का: एकशेतीस जर्नल्सचं एक प्रकरण

कोथरूडमधल्या दोघी जावा घरी हाताने कार्ड आणि जर्नल्स बनवतात, त्यांच्या एका ऑर्डरचं हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतेय. शिक्का नीट उमटत नाही म्हटलं की बहुतेक जण आधी शिक्काच बदलतात, पैसे घालवतात आणि परत तिथेच येतात. इथे शिक्का, शाई, कागद आणि पुण्याचा पावसाळा अशी चारही टोकं एकमेकांत अडकली होती म्हणून ते सोडवताना काय काय केलं ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं असं मला मनापासून वाटतं. दोघींना विचारूनच लिहितेय, नावं घेत नाही, थोरली आणि धाकटी एवढंच म्हणते.

ऑर्डर आली ती पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्या आठवड्यात. एका निवृत्त शिक्षिकेची पंचाहत्तरी, कार्यक्रम श्रावणात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला द्यायला एक जर्नल आणि आत एक छोटं आभाराचं कार्ड, दोन्ही एकशेतीस. ऑर्डर देणारी त्यांची मुलगी. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे बाई वर्षानुवर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शाईने ‘लिहीत राहा’ असं लिहायच्या, ते त्यांच्याच अक्षरात कव्हरवर हवं. दुसरं म्हणजे त्यांच्या अंगणातलं जास्वंद, कार्डवर सोनेरी आणि उठावाचं. कागद हातकागद, कडा तशाच दातेरी, कापलेल्या नाहीत.

हातकागद पुण्यात मिळणं अवघड नाही, शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, बाहेरगावचा मालही दुकानातून मिळतो. सुती चिंध्या आणि होजिअरीच्या कातरणीचा लगदा करून बनवलेला हा कागद हातात घेतला की लगेच आवडतो, दोघींनीही तसाच आवडला म्हणून घेतला, कव्हरसाठी जाड आणि कार्डसाठी त्याहून थोडा पातळ. बाईंच्या जुन्या वहीतल्या अक्षराचा फोटो काढला आणि अप्पा बळवंत चौकाजवळ रबरी शिक्के करून देणाऱ्याकडून चारेक सेंटिमीटर रुंदीचा लाकडी मुठीचा शिक्का करून आणला. घरात ऑफिसचं स्टॅम्प पॅड होतं, जांभळं, त्यावरच पहिला ठसा मारला.

त्या पहिल्या ठशांचे फोटो मला आले तेव्हा खाली मेसेज होता, “ताई, शिक्का बाद निघालाय, दुसरा करायला टाकू का?” मी म्हटलं थांबा, काही टाकू नका, सगळं घेऊन या.

टेबलावर मांडल्यावर एकाच ठशात तीन वेगवेगळे दोष दिसत होते. शाई अक्षराच्या कडेने केसासारखी पसरली होती, हे पहिलं. दुसरं, अक्षर मधे मधे तुटलं होतं, आणि तेही कुठेही नाही, ‘लि’ आणि ‘ही’च्या वेलांटीच्या कमानी बहुतेक ठशांत गायब, शिरोरेघ मात्र ठळक, जवळजवळ चिकटपट्टी लावल्यासारखी. तिसरं, ‘ह’ची खालची गाठ भरून नुसता ठिपका झाला होता, ‘हा’चीही तीच गत. तीन दोष म्हणजे तीन कारणं असणार, आणि ती एकाच शिक्क्याच्या माथी मारली की उत्तर सापडत नाही. माझं यातलं ठाम मत आहे की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि प्रत्येक ठशाखाली पेन्सिलने कागद कोणता शाई कोणती ते लिहायचं, कारण दहा ठसे झाले की कुठला कशाचा ते कुणालाच आठवत नाही.

मग आधी तोच शिक्का, तेच जांभळं पॅड, फक्त कागद बदलत गेलो. साध्या झेरॉक्सच्या कागदावर अक्षर बऱ्यापैकी आलं, वेलांट्या दोन्ही आल्या, गाठ तेवढी भरलेली. गुळगुळीत कार्ट्रिज पेपरवर (चित्रकलेचा जाडसर कागद) आणखी चांगलं. चकचकीत आर्ट कार्डवर सुंदर आलं पण संध्याकाळपर्यंत बोटाला लागत होतं. हातकागदावर सगळं बिघडलं. म्हणजे शिक्का बाद नव्हता, हे धाकटीच्या लगेच लक्षात आलं, थोरलीला पटायला जरा वेळ लागला कारण कागदावर तिचा फार जीव होता.

हातकागदाचं काय होतं ते बघायला एक सोपी परीक्षा आहे, कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा. थेंब मणी होऊन बसला तर कागदाला सायझिंग म्हणजे खळ नीट आहे, लगेच आत जिरला तर नाही. यांच्या कागदात थेंब बघता बघता जिरला. अशा कागदात पातळ शाई धाग्याधाग्यातून पळते, आणि ऑफिसच्या पॅडची शाई मुळातच तशी असते, पॅड कोरडं पडू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीन-ग्लायकोलसारखं न वाळणारं द्रव्य असतं, ती हवेने वाळत नाही, कागदात शिरूनच ‘वाळते’. म्हणून चकचकीत कार्डवर ती वरच बसून राहिली आणि हातकागदात पसरली, कारण दोन्हीकडे तेच. शिवाय ती विरघळलेल्या रंगाची शाई, उजेडात फिकी पडते, सरकारी अर्जाला चालेल पण ज्या वस्तूवर बाईंचं अक्षर आहे आणि जी माणसं वर्षानुवर्षं ठेवणार आहेत तिच्यावर मी ती कधीच वापरू देणार नाही.

आता उलटं केलं, कागद तोच हातकागद आणि शाया बदलल्या. क्राफ्टवाल्यांच्या शायांचे ढोबळमानाने दोन प्रकार, डाय आणि पिगमेंट. डाय पातळ असते, जिरते, पटकन वाळते, हातकागदावर पसरते. पिगमेंटमधे रंगाचे बारीक कण असतात, ती दाट असते, वरच्या थरावर बसते, पसरत नाही, रंग टिकतो, पण वाळायला वेळ घेते आणि पावसाळ्यात तर बघायलाच नको. पिगमेंट लावल्याबरोबर ते केस गायब झाले, कडा स्वच्छ. पहिला दोष सुटला. वेलांट्या मात्र अजून तुटलेल्याच.

इथे कागदाचा पोत येतो. हातकागदाला दोन बाजू असतात, एक जाळीकडची आणि एक ज्या कापडावर ओला ताव उलटतात त्याच्याकडची, आणि दोन्हींचा खडबडीतपणा वेगळा असतो. उजेडाकडे तिरका धरून बोट फिरवलं की कळतं, प्रत्येक तावाची गुळगुळीत बाजू पेन्सिलने खूण करून ठेवायची. दोघींनी आत्तापर्यंत जी बाजू वर आली तिच्यावर ठसे मारले होते. दुसरं म्हणजे कागदाखाली टेबलाचं कडक काचेचं टॉप होतं. खडबडीत कागदाच्या खळग्यात शिक्का पोचायचा तर खाली थोडं दबणारं काहीतरी लागतं, मी जुना माउसपॅड उलटा करून ठेवते, मुलांच्या क्राफ्टचं फोमशीटही चालतं. तिसरं, शिक्का मुठीने ठोकायचा नाही. टेकवायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीवरून चारही कोपऱ्यांवर वजन फिरवायचं, आणि न हलवता सरळ वर उचलायचा. ठोकला की कडेची शाई बाहेर फेकली जाते आणि मधलं कोरडं राहतं.

एवढं करून दहातले सहा-सात ठसे चांगले यायला लागले. पण एकशेतीस हवे होते, आणि राहिलेल्या तीन-चारांत दर वेळी वेलांटीच जायची.

देवनागरीचे शिक्के करताना मला हे नेहमी दिसतं आणि यावर फारसं कुणी बोलत नाही म्हणून इथे जरा थांबते. आपल्या अक्षराचा सगळ्यात मोठा सलग भाग शिरोरेघ, ती शाईही जास्त उचलते आणि दाबही तीच पेलते. तिच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, हे सगळे बारीक आणि एकटे. शिक्का किंचित वाकडा टेकला तरी पहिल्यांदा हेच जातात. आणि अक्षराच्या आत ज्या बंद किंवा अर्ध्या बंद जागा असतात, ‘ह’ची गाठ, ‘ष’चं पोट, त्या लहान आकारात शाईने भरतात. म्हणून मराठी हस्ताक्षराचा शिक्का बनवायचा तर आधी स्क्रीनवर दुरुस्ती लागते, फोटो तसाच देऊन भागत नाही. आम्ही बाईंच्या अक्षराचा फोटो मोठा केला, शिरोरेघ थोडी बारीक केली, वेलांट्या तेवढ्या जाड केल्या, कुठलीच रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ राहणार नाही एवढं पाहिलं, ‘ह’ची गाठ उघडी केली आणि रुंदी साडेसहा सेंटिमीटर. वळण मात्र जराही बदललं नाही, ‘त’चा खालचा फराटा बाई जिथे थांबवायच्या तिथेच थांबवला. मुलीला ती फाइल दाखवली, ती म्हणाली हे आईचंच अक्षर आहे, मगच नवा शिक्का टाकला. म्हणजे शेवटी शिक्का बदललाच, पण काय बदलायचं ते कळल्यावर.

हल्ली चौकात जे शिक्के मिळतात ते बहुतेक फोटोपॉलिमरचे, निगेटिव्हवर पातळ रेझिन ओतून यूव्ही उजेड दिला की उजेड लागलेला भाग घट्ट होतो, बाकीचं धुऊन जातं. जुन्या पद्धतीचं रबर म्हणजे व्हल्कनाइझ केलेलं, चार्ल्स गुडइयरने १८३९ मधे रबर आणि गंधक तापवून जे साधलं त्याच्याच वाटेवरचं, ते दणकट असतं. पॉलिमर जपावं लागतं, उन्हात ठेवलं की पिवळं आणि कडक होतं, थिनर किंवा ॲसिटोनने पुसलं की खराब होतं. नवीन असताना त्याचा पृष्ठभाग निसरडा असतो, शाई थेंबाथेंबाने गोळा होते, ठसा ठिपक्याठिपक्याचा येतो. त्यावर उपाय म्हणजे पांढरा खोडरबर हलक्या हाताने वरून फिरवायचा आणि दोन-चार ठसे रद्दीवर मारायचे.

नवा शिक्का, पिगमेंट शाई, गुळगुळीत बाजू, खाली माउसपॅड. फरक खूप पडला, पण थोरलीने सलग वीस मारून बघितले तेव्हा त्यात तीन असे होते जे मी तरी पैसे घेऊन दिले नसते. कव्हरचा एकेक ताव महाग, तीन वाया म्हणजे पूर्ण ऑर्डरला वीसेक कव्हर फुकट. मी सुचवलं की अक्षर वेगळ्या गुळगुळीत कागदावर उमटवा आणि ते लेबल कव्हरवर चिकटवा, जास्वंद मात्र थेट हातकागदावर, कारण फुलाचा शिक्का ठसठशीत आहे, त्यात एखादा खळगा राहिला तर तो कागदाचाच पोत वाटतो, अक्षरात राहिला तर चूक वाटते.

थोरली तयार नव्हती. “लेबल लावलं की शाळेच्या वहीसारखं दिसेल हो.”

धाकटी म्हणाली, “वहिनी, बाईंची पंचाहत्तरी आहे. शाळेच्या वहीसारखंच दिसायला पाहिजे.”

यानंतर वाद संपला, आणि खरं सांगायचं तर जर्नलचं रूप त्या वाक्याने ठरलं. क्रीम रंगाच्या कार्ट्रिज पेपरचं लेबल, खाली नावासाठी एक रेघ, अक्षर लाल. लालसाठी व्हर्साफाइन घेतली, ती तेलाच्या बेसची पिगमेंट शाई आहे, बारीक रेषा फार छान धरते आणि कागदात किंचित शिरत असल्याने साध्या पिगमेंटपेक्षा लवकर वाळते. मुलीला आधी दोन नमुने दाखवले, एक थेट कव्हरवर आणि एक लेबलचा, दर वेगळे न सांगता. तिने लेबलचा उचलला. हा नमुना दाखवायचा टप्पा बरेच जण टाळतात, गिऱ्हाईक काहीतरी नवीन मागेल म्हणून, मला उलट वाटतं की तिथेच अर्धं काम होतं.

बांधणीचं थोडक्यात सांगते, कारण तिथे फार अडलं नाही. आतला कागद १०० जीएसएम मॅपलिथो, म्हणजे लिहायचा गुळगुळीत पांढरा कागद, हातकागद आत घालायचा मोह दोघींनाही होता पण ज्यात शाईपेन पसरतं त्यावर ‘लिहीत राहा’ म्हणायचं हे मला अजिबात पटत नव्हतं. ए-फोर ताव मधोमध दुमडून ए-फाइव्ह, बारा ताव एकात एक म्हणजे ४८ पानं, एकच फर्मा म्हणजे एकत्र शिवायचा एकच गठ्ठा. एकशेतीस गुणिले बारा, १५६० ताव, तीन रिमांच्या थोडं वर. कटिंगवाल्याला आवर्जून सांगितलं की ग्रेन म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा दुमडीच्या दिशेने हवी, तयार ए-फोर रिममधे तो बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतो आणि आडवं दुमडलं की घडी फुगते, वही मिटून बसत नाही. हातकागदाला असा ग्रेन जवळजवळ नसतोच, त्यामुळे कव्हर कसंही चालतं, फक्त घडीच्या जागी आधी बोन फोल्डरने (घडी दाबायची बोथट पट्टी) क्रीज घ्यायची, नाहीतर धागे उलतात. टोच्याने पाच भोकं, मेण लावलेला दोरा, मधून सुरुवात मधेच गाठ. बारा ताव एकात एक गेले की आतली पानं बाहेर डोकावतात, ती शिवण्याआधी कापून घेतली, कव्हरची दातेरी कड तशीच राहिली.

सोनेरी जास्वंदाने मात्र छळलं. एम्बॉसिंग म्हणजे हळू वाळणाऱ्या पिगमेंट किंवा चिकट पारदर्शक शाईने ठसा, तो ओला असतानाच त्यावर एम्बॉसिंग पावडर, जास्तीची झटकून टाकायची आणि हीट गनने तापवून पावडर वितळवायची. केस वाळवायचा ड्रायर इथे चालत नाही, हवा जोरात आणि उष्णता कमी, पावडर उडून जाते. दोघींकडे हीट गन होती, पद्धतही बरोबर होती, तरी फुलाभोवती सोन्याचे कण सगळीकडे. आषाढातला कागद होता तो, दिवसभर पाऊस, खिडक्या उघड्या, हातकागदाने हवेतलं पाणी ओढून घेतलेलं, पावडर ठशाला चिकटते तशीच त्या दमट कागदालाही चिकटत होती. कार्डं वाकलीही होती थोडी.

उपाय घरातलाच निघाला. प्रत्येक कार्डवर सुती कापड ठेवून कोरडी, वाफ न सोडणारी इस्त्री फिरवली, ओल गेली आणि कार्ड सपाटही झालं. गार झाल्यावर पातळ मलमलीत बांधलेली टाल्कम पावडरची पुरचुंडी वरून हलकेच टेकवली, मग ठसा, मग सोनेरी पावडर, मग मागून एक टिचकी. तरी राहिलेला एखादा कण कोरड्या ब्रशने तापवायच्या आधीच काढायचा, एकदा वितळला की निघत नाही. गन एका जागी धरायची नाही, फिरवत राहायची, दाणेदार मातकट दिसणारी पावडर एका क्षणी एकदम चकाकते, तिथे लगेच पुढे सरकायचं, जास्त तापवलं की ती कागदात शिरून निस्तेज होते. धाकटीला तो क्षण फार अचूक कळतो, त्यामुळे एम्बॉसिंग सगळं तिनेच केलं. फूल घडीपासून चांगलं लांब घेतलं, घडीवर आलेलं एम्बॉसिंग तडकतं.

वाळवण्याचीही शिस्त लावावी लागली. लेबलं ठसा मारल्यावर एकावर एक ठेवायची नाहीत, दोरीला चिमट्यांनी लावायची, आणि खाली उतरवायच्या आधी एका लेबलावर टिश्यू दाबून बघायचा, लाल उमटलं तर अजून थांबायचं. शिक्का दर पंधरा-वीस ठशांनंतर ओल्या फडक्याने आणि जुन्या मऊ टूथब्रशने साफ, कारण कागदाचे बारीक तंतू आणि शाई मिळून ‘ह’ची गाठ परत भरायला लागते, आणि ती हळूहळू भरते म्हणून मारणाऱ्याच्या नजरेतून सुटते. थोरलीने पहिला चांगला ठसा समोर भिंतीला लावून ठेवला आणि प्रत्येक नवा त्याच्याशी ताडून बघितला. लेबलं चिकटवायला फेविकॉल पातळ करून वापरलं होतं त्याने पहिली काही कव्हरं वाकली, मग कमी पाण्याचा अगदी पातळ थर कडेपर्यंत ओढून, वर मेणकागद ठेवून रात्रभर जाड पुस्तकांच्या वजनाखाली, तेव्हा सरळ राहिली.

शेवटी १३० जर्नल्स आणि १३० कार्डं कार्यक्रमाच्या चार दिवस आधी गेली. वाया गेलं ते मुख्यतः सुरुवातीचं, दुरुस्तीनंतर लेबलं जेमतेम पाच-सहा टाकली, कार्डं त्याहून थोडी जास्त. दोघींनी दर ठरवताना नमुन्यांचा आणि वाया जाणाऱ्या मालाचा खर्च धरलाच नव्हता, त्यामुळे मेहनतीच्या मानाने हातात कमी आलं. आता कुठल्याही नव्या कागदाचं काम घेताना दहा टक्के माल वर धरायचा आणि नमुन्याचे पैसे वेगळे सांगायचे असं त्यांनी ठरवलंय, पावसाळ्यात एम्बॉसिंग असेल तर दर आणखी थोडा जास्त.

बाईंनी स्वतःच्या जर्नलवर नावाच्या रेघेवर नाव लिहिलं आणि खाली इयत्ता घातली, असं मुलीने कळवलं. कार्यक्रमाला आलेल्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आता शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी तशाच दोनशे वह्या मागितल्यात, डिसेंबरात, कोरड्या हवेत. कव्हरचा कागद या वेळी थेंब टाकून बघूनच घेतलाय.